दुपारची साखर

मशीनवर आकडा आला चारशे अडुसष्ट, आणि मी पहिला संशय मशीनवरच घेतला. परतूरच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. उत्तर चुकलं की पोराच्या वहीकडं बघायचं, आपल्या फळ्याकडं नाही, ही सवय हाडीमाशी खिळलेली. बोट ओलं असेल, पट्टी खराब असेल, असं पुटपुटत मी यांचा हात साबणानं धुतला, टॉवेलनं कोरडा केला आणि दुसऱ्या बोटाला टोचलं. चारशे एकाहत्तर आले. दुपारचे चार वाजले होते. त्याच दिवशी सकाळी, चहाच्या आधी, याच हातातून एकशे चोवीस आले होते. ते मी लाल पेनानं कॅलेंडरवर लिहिलेलं समोर भिंतीवर दिसत होतं.

हे म्हणजे माझे यजमान. वय एकसष्ट, परतुरात बी-बियाण्याचं दुकान, आणि बारा वर्षांची शुगर. शुगर यांची असली तरी अब्रू माझी होती. रोज सकाळी उठल्या उठल्या बोट पुढं करायचं, मी टोचायचं, आकडा कॅलेंडरवर चढवायचा आणि मगच चहा, तोही बिनसाखरेचा. पाहुणे आले की मी त्यांना आधी कॅलेंडर दाखवायची, मग पाणी द्यायची. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन यांच्या ताटाशी आला की मी चार पानं लांबून नुसतं बघायची, आणि तो बिचारा पुढं सरकायचा. हे म्हणायचे, "हिला मास्तरीण केलं ते चुकलं, जेलर करायला पाहिजे होतं." म्हणू देत. बारा वर्षांत आकडा कधी दीडशेच्या वर गेला नव्हता.

मग यांचं नाक बिघडलं. दोन वर्षं नाक चोंदलेलं, झोपेत तोंड उघडं, आणि वास तर पार गेलेला. एकदा यांच्या शेजारी गॅसवर दूध करपून काळं झालं, तरी हे आपले पेपर वाचत बसलेले. जालन्याच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, नाकात मांस वाढलंय, ऑपरेशन करून काढावं लागेल. ऑपरेशनच्या आधी पाच दिवस एक बारकी पांढरी गोळी, आणि नंतरही काही दिवस तीच, हळूहळू कमी करत. सकाळी नाश्ता झाल्यावर घ्यायची.

"शुगर आहे ना यांना? या गोळ्यांनी वाढू शकते. लक्ष ठेवा," डॉक्टर म्हणाले.

मी मोबाईलमधले कॅलेंडरचे फोटो त्यांच्यासमोर धरले. म्हटलं, "डॉक्टर, लक्ष ठेवायचं मला सांगू नका."

ते हसले. मला ती शाबासकीच वाटली.

गोळी सुरू झाली. मी रोज सकाळी बघत होते: एकशे अठरा, एकशे एकवीस, एकशे एकोणीस. आकडा जागचा हलला नाही. म्हणजे या गोळीनं यांना काही होत नाही, हे मी तीन दिवसांत सिद्ध करून मोकळी झाले.

तिसऱ्या दिवशी आक्का आल्या. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, टेंभुर्णीला दिलेली. यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा यांना न्हाऊ-माखू घालून शाळेत पाठवलं ते आक्कांनीच. दहा वर्षांपूर्वी आक्कांचे मालक गेले. मूलबाळ नाही, दिराच्या घरात एक खोली, आणि बांधाला लागून मोसंबीची थोडी झाडं. माहेर म्हणायला एवढं हे एकच घर. भावाचं ऑपरेशन म्हटल्यावर त्यांना राहवेना. मोसंबीची पिशवी डोक्यावर घेऊन त्या जालन्यावरून बस बदलत आल्या.

पिशवी बघूनच माझं कपाळ उठलं. म्हटलं, "आक्का, शुगरवाल्याच्या घरात मोसंबी?"

"तुला आणली वं मास्तरीण. त्याला कोण देऊन राह्यलं?"

दुपारी त्या ओट्यापाशी बसून स्वतःसाठी एक मोसंबी सोलत होत्या. हे बाहेरच्या खोलीत पडलेले. तिथून आवाज आला, "आक्का, मोसंबी सोलली का?"

आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो. दोन वर्षांत या माणसाला कशाचा वास आला नव्हता. आक्का साल घेऊन धावल्या आणि यांच्या नाकाशी धरली. यांनी डोळे मिटून वास घेतला, आणि एकसष्ट वर्षांचा माणूस ढसाढसा रडायला लागला. त्या बारक्या गोळीनं नाकातली सूज उतरली होती, म्हणून वास आला होता. मला भरून आलं, पण माझा स्वभाव. मी म्हटलं, "वास घ्या, पण खायचं नाव काढू नका."

ऑपरेशन चांगलं झालं. एक रात्र दवाखान्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी दिली. मी खाली मेडिकलवर औषधं घ्यायला गेले होते, तेव्हा वर सिस्टरनं आक्कांना काहीतरी समजावून सांगितलं. गाडीत बसल्यावर आक्का म्हणाल्या, "मास्तरीण, ती सिस्टर सांगत व्हती, या गोळ्या चालू हायेत तवर दुपारी जेवल्यावर बी रगत तपासा. सकाळच्यानं कळत न्हाई म्हणे."

मी औषधांची पिशवी मांडीवर घेऊन यादीशी ताळा करत होते. वर न बघताच म्हटलं, "आक्का, उपाशीपोटीची तीच खरी. जेवल्यावर तर कुणाचीही वाढते. बारा वर्षं मी बघतेय."

आक्का गप्प बसल्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. आणि त्या अडाणी आहेत हे मी तोंडानं कधी म्हटलं नाही, पण माझ्या गप्प करण्यात ते असायचंच. हे मला आज कळतं.

घरी आल्यावर यांना तहान लागायला लागली. साधी नाही, तांब्यावर तांब्या. मी म्हटलं, नाक बंद आहे, तोंडानं श्वास घेतात, घसा सुकणारच. तासातासाला लघवीला उठायला लागले. म्हटलं, एवढं पाणी पोटात गेल्यावर जाणार कुठं? पेपर वाचताना अक्षरं पुसट दिसतात म्हणाले. चष्मा जुना झाला, मी सांगितलं. दर प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं, आणि सकाळी मशीन माझ्या बाजूनं साक्ष देत होतं: एकशे बावीस, एकशे सव्वीस, एकशे चोवीस. एवढी साक्ष असल्यावर कोण कुणाचं ऐकतं!

घरी आल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी हे बाथरूममधून येताना भिंतीला धरून खाली बसले. पायात जीव नाही म्हणाले. आम्ही दोघींनी धरून पलंगावर आणलं. ओठ कोरडे पडलेले, बोलताना जीभ जड. आक्का म्हणाल्या, "मास्तरीण, एकडाव बोट टोचून तर बघ."

आणि मी मशीन काढलं ते खरं सांगायचं तर आक्कांना खोटं पाडायला.

चारशे अडुसष्ट. मग चारशे एकाहत्तर.

असा आकडा मी दुसऱ्यांच्या घरचा ऐकला होता, तोही नाक मुरडून. दवाखान्यात न्यायचं म्हणून मी यांचा घामेजलेला शर्ट बदलायला घेतला, आणि खिशातून मोसंबीची साल पडली. एक नाही, चार-पाच. काही वाळून कडक झालेल्या, एक त्याच दुपारची, ओली. उशी उचलली, तर तिथंही दोन.

हाताच्या काकणाला आरसा कशाला! मला एका क्षणात सगळं समजलं. दुपारी जेवण झालं की मी तासभर पडायची. तेवढ्या वेळात बहीण भावाला लाडानं मोसंबी चारत होती, आणि सकाळपर्यंत आकडा उतरत होता. सगळं गणित जुळत होतं.

मी साल आक्कांच्या अंगावर फेकली. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एक वाक्य आठवतं, आणि ते लिहिताना आजही हात थांबतो. मी म्हटलं, "स्वतःचं कपाळ पांढरं झालं, आता माझं करायला आलात का?"

आक्का हलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "म्या एक फोड बी दिली न्हाई वं."

हे पलंगावरून हात हलवून काहीतरी सांगत होते. मी त्यांनाही गप्प केलं. शेजारच्यांची गाडी दारात आली. आक्का चपला घालून मागं निघाल्या, तर मी फाटकातच म्हटलं, "तुम्ही येऊ नका."

परतुरातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी यांना झोपवून सलाईन लावलं, इन्सुलिन दिलं, रक्त-लघवी तपासायला पाठवली. मग मला विचारलं, "औषधं कोणती चालू आहेत?" मी पिशवी उलटी केली. त्यांनी त्या बारक्या गोळीची पट्टी उचलली आणि माझ्याकडं पाहिलं.

"ही स्टेरॉईडची गोळी आहे, बाई. ऑपरेशनच्या वेळीही सूज येऊ नये, उलटी होऊ नये म्हणून अशाच औषधाचं इंजेक्शन देतात. शुगरच्या पेशंटला यानं साखर भडकते. दुपारी कधी तपासली होती?"

"सकाळी रोज तपासते. एकशे वीस-पंचवीसच असते."

"असणारच. सकाळी नाश्त्यानंतर गोळी घेतली की दुपारपासून साखर चढते, संध्याकाळपर्यंत वर राहते, आणि रात्रीतून उतरते. सकाळी उपाशीपोटी बघितलं तर काही दिसतच नाही. तुम्ही नेमकी ती उतरल्यावर बघत होतात."

मी खुर्चीत बसून राहिले आणि मला एकच गोष्ट दिसत होती: माझा स्वतःचा हात. रोज सकाळी पोहे झाले की पाण्याचा पेला आणि त्या तळहातावर ती पांढरी गोळी. विसरू नये म्हणून मी मोबाईलला गजर लावला होता. आक्कांनी एक फोड दिली नव्हती. जे काही दिलं होतं ते मी दिलं होतं, वेळेवर, न चुकता.

"मग बंद करते ती गोळी," मी म्हटलं.

"आपल्या मनानं बिलकुल नाही. ती एकदम बंद करायची नसते. आणि औषध चुकीचं नाही, नाकाला त्याची गरज आहे. मी जालन्याच्या डॉक्टरांशी बोलतो. गोळी उतरवत नेऊ आणि तोवर दुपारी इन्सुलिन देऊ. फक्त दुपारी बघायला पाहिजे होतं. नाकात ताजी जखम, त्यात एवढी साखर, म्हणजे..." पुढचं सांगायची गरज नव्हती. कोरोनानंतर आमच्या गल्लीतल्या एका माणसाचा डोळा काळ्या बुरशीनं गेला होता. त्यालाही शुगर होती, त्यालाही आजारात स्टेरॉईड दिलेलं होतं. मला हे माहीत होतं! चार वर्षं त्याच्या बायकोला मी हळहळून भेटत आले होते. पण तो दवाखान्यातला भयंकर शब्द आणि माझ्या घरातली ही खडूच्या तुकड्याएवढी गोळी एकच, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

संध्याकाळी साखर अडीचशेच्या खाली आली. यांच्या जिभेत जीव आला, आणि पहिलं वाक्य आलं ते हे: "आक्का साल द्यायची. नुसतं साल. ऑपरेशननंतर वास परत आला का ते रोज बघायचो आम्ही. आज थोडा आला होता."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातला चोर मीच होते, आणि न्यायाधीशही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे आणायला घरी गेले, तर दाराला कुलूप. शेजारणीनं किल्ली दिली. "तुमच्या आक्का पहिल्याच गाडीनं गेल्या. रात्री दोनदा आल्त्या, फोन करून विचार म्हणल्या भाऊ कसाय. मी त्यांना सांगितलं उतरलीय साखर, तवा कुठं पाणी पिल्या." मग ती म्हणाली, "मोसंबी फार गोड हो त्यांची. रोज दुपारी सोलून फोडी आमच्या पोरींना द्यायच्या आणि सालं पदरात बांधून न्यायच्या. मला हसूच यायचं."

घरात भाकरी फडक्याखाली झाकलेल्या. पिठल्याचं पातेलं झाकलेलं. मोसंबीची पिशवी नव्हती. उरलेली मोसंबी त्या परत टेंभुर्णीला घेऊन गेल्या होत्या, माझ्या घरात एकही ठेवली नव्हती.

मी जालन्याच्या दवाखान्याचा सुट्टीचा कागद काढला. औषधांची नावं, वेळा, सगळ्यांवर मी टिक केलेली. सगळ्यात खाली, डॉक्टरांच्या सहीच्या वर, एक ओळ होती: गोळी चालू असेपर्यंत दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी साखर तपासावी. त्या ओळीवर टिक नव्हती. मुलांना मी तीस वर्षं सांगत आले, प्रश्न शेवटपर्यंत वाचा, मगच पेन उचला.

हे तिसऱ्या दिवशी घरी आले. कॅलेंडरवर आता एका दिवसाला तीन आकडे बसायला लागले, आणि दुपारचा आकडा मी भीत भीत लिहायची. गोळी कमी होत गेली तसा तोही खाली आला, आणि गोळी संपल्यावर दोन-तीन दिवसांत साखर पहिल्यासारखी झाली. जालन्याच्या डॉक्टरांनी नाक तपासून जखम चांगली भरतेय म्हणून सांगितलं. मी सुटले. पण आक्कांना फोन लावला की दिराचा मुलगा उचलायचा आणि म्हणायचा, रानात गेली, देवळात गेली. आक्कांना फोनवर माझ्याशी बोलायचं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. असलं बोलणं फोनवर परत घेता येत नाही.

भाऊबीजेला दरवर्षी आक्का आमच्याकडं यायच्या. यंदा त्यांनी निरोप धाडला, गुडघे दुखतात, येत नाही. यांनी निरोप ऐकला आणि तोंड फिरवून बसले. मी म्हटलं, "उठा. आपण जाऊ."

टेंभुर्णीला पोचलो तेव्हा आक्का दारात तांदूळ निवडत होत्या. भावाला बघून उठल्या, त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, नाक नीट दिसतंय का ते बघितलं. मला म्हणाल्या, "ये." नुसतं ये. मास्तरीण नाही म्हणाल्या.

चुलीपाशी मी त्यांचे पाय धरले. रस्ताभर जुळवलेली वाक्यं होती, एकही आलं नाही. "आक्का, चुकलं माझं," एवढंच आलं.

"जाऊ दे. तुझं बी काळीज जळत व्हतं." त्यांनी मला उठवलं. "झालं गेलं. ताटं घे मंग."

मला वाटलं, मिटलं.

यांना पाटावर बसवलं. आक्कांनी गंध लावलं, अक्षता टाकल्या, निरांजन ओवाळलं. तबकात एका वाटीत थोडीशी साखर होती. ओवाळून झालं की भावाच्या तोंडात चिमूटभर साखर घालायची. आई गेल्यापासून दर भाऊबीजेला त्या घालत आल्या होत्या. शुगर झाल्यावरही बारा वर्षं मी त्या एका चिमटीला कधी हरकत घेतली नव्हती.

यांनी तोंड उघडलं. आक्कांनी चिमटीत साखर घेतली, हात पुढं नेला आणि मधेच थांबवला. मान वळवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. घर त्यांचं, पाट त्यांचा, भाऊ त्यांचा, आणि विचारलं मला.

"देऊ का?"

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला सोसला असता. त्या खरंच विचारत होत्या.

मी मान हलवली, हो म्हणून. आक्कांनी चिमटीतली निम्मी साखर वाटीत परत टाकली आणि उरलेले चार दाणे भावाच्या जिभेवर ठेवले.